शब्द बदलले, नकाशा तोच राहिला

डिसेंबर २००८ मध्ये आपल्या बेळगावात चिनी लष्कराची एक तुकडी मुक्कामाला आली होती. पुष्कळांना आज ही गोष्ट आठवत नसेल. नव्या पिढीला तर ती सांगूनही खरी वाटणार नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला जेमतेम पंधरवडा होत होता. दहशतवाद्यांशी मुकाबला कसा करावा याचा संयुक्त सराव भारत आणि चीनच्या पायदळांनी करायचा होता. असा पहिला सराव आदल्या वर्षी चीनमधील कुनमिंग येथे झाला होता. दुसऱ्यासाठी आपले गाव निवडले गेले. सरावाचे नाव होते 'हॅण्ड इन हॅण्ड', म्हणजे हातात हात. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान आणि चिनी जवान आपल्या मातीत खांद्याला खांदा लावून सराव करून गेले.

त्यानंतर साडेअकरा वर्षांनी, १५ जून २०२० च्या रात्री, लडाखमधील गलवान खोऱ्यात याच दोन सैन्यांची गाठ पडली. १९९६ च्या करारामुळे बंदुका चालल्या नाहीत. दगड, लोखंडी गज आणि खिळे ठोकलेल्या काठ्या चालल्या. आपल्या वीस जवानांना वीरमरण आले. आपलेही चार सैनिक मेले एवढे कबूल करायला चीनला आठ महिने लागले. पंचेचाळीस वर्षांनंतर प्रत्यक्ष ताबारेषेवर प्रथमच असे बळी गेले होते.

बेळगावात पुढे केलेला हात गलवानमध्ये मूठ कसा झाला? हा प्रश्न दिल्लीतल्या पंडितांवर सोडून देण्यासारखा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात अशी गावे आहेत, जिथे दर चार घरांआड एकाच्या भिंतीवर पलटणीतला फोटो दिसतो. आमची पोरे त्या थंडीत उभी राहतात. समोरचा काय विचार करतो, तो विचार कधी आणि का बदलतो, हे जाणून घेण्याचा पहिला हक्क त्यांच्या घरच्यांचा आहे, असे आम्हांस वाटते.

जुन्या मराठी घरांत चीनची दोन चित्रे आहेत. पहिले चित्र सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, जखमी चिनी सैनिकांची सेवा करता करता त्यांनी तिकडेच देह ठेवला. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. पुढे चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत. दुसरे चित्र १९६२ चे. पंचशीलाची शाई वाळते न वाळते तोच झालेले आक्रमण, संरक्षण निधीसाठी बायाबापड्यांनी हातातून उतरवून दिलेल्या बांगड्या, आणि कृष्ण मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्या तोंडी बसले आहे.

एक चित्र म्हणते चीन मित्र, दुसरे म्हणते चीन दगलबाज. दोन्हींत भावना खरी आहे, पण दोन्हींतून चीन समजत नाही. चीनचे परराष्ट्र धोरण मैत्रीवर चालत नाही आणि वैरावरही चालत नाही. आपले बळ आज किती, उद्या किती होईल आणि तोवर कोणाशी किती गोड बोलावे, या हिशेबावर ते चालते. त्याची भाषा वेळोवेळी बदलली ती या हिशेबामुळे. हे एकदा नीट पाहू.

ऑक्टोबर १९४९ मध्ये साम्यवादी राजवट आली तेव्हा देश यादवीने खिळखिळा झाला होता. माओ त्से तुंग यांनी जाहीरच केले होते की आम्ही एका बाजूला, म्हणजे सोव्हिएत रशियाकडे, झुकणार. १९५० मध्ये मॉस्कोशी करार झाला आणि त्याच वर्षी चिनी फौजा तिबेटात शिरल्या. पण जगात मान्यता हवी होती, आशियात मित्र हवे होते. म्हणून १९५४ साली तिबेटच्या व्यापाराच्या करारात पंचशील आले, १९५५ साली बांडुंगच्या परिषदेत चाऊ एन लाय सर्वांशी हसतमुखाने बोलले. 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या घोषणा घुमत असतानाच अक्साई चीनमधून रस्ता बांधला जात होता. तो १९५७ मध्ये पुरा झाला.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात बाजारात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपण लहानपणापासून पाहतो. चीनच्या धोरणाची ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली खूण आहे. १९६० ते १९६३ या चार वर्षांत चीनने ब्रह्मदेश, नेपाळ, मंगोलिया, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्याशी सीमेचे करार उरकून घेतले. राहिला तो भारत. इतर शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायचे आणि मोठ्या शेजाऱ्याला एकटे पाडायचे, हा डाव तेव्हा आपल्या ध्यानात आला नाही.

पुढे गंमत पाहा. ज्या रशियाकडे झुकायचे होते त्याच्याशीच बिनसले. १९६९ साली उसुरी नदीवर दोन साम्यवादी फौजांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. ज्या अमेरिकेला साम्राज्यवादी म्हणून शिव्या घातल्या तिच्या अध्यक्षांना, निक्सन यांना, १९७२ मध्ये पेकिंगला पाहुणचार मिळाला. तत्त्व बदलले का? कागदावर नाही. मोठा शत्रू कोण याचा हिशेब बदलला, एवढेच.

माओंच्या पश्चात डेंग शिआओपिंग आले आणि १९७८ पासून दुसरा कालखंड सुरू झाला. आधी घर सावरा, कारखाने उभारा, परदेशी भांडवल आणा, असा तो विचार होता. तरीही फेब्रुवारी १९७९ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनमध्ये असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि त्याला 'धडा शिकवतो' म्हटले. वाजपेयी दौरा अर्धवट टाकून परतले. नरमाईच्या काळातही मूठ खिशात होतीच.

डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले आणि सीमेचा प्रश्न बाजूला ठेवून व्यापार व इतर संबंध वाढवावेत असे ठरले. पुढच्याच वर्षी तिआनमेन चौकातील गोळीबाराने चीन जगात एकाकी पडला, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. तेव्हा डेंग यांनी सहकाऱ्यांना सल्ला दिला. त्याचा मथितार्थ असा : शांतपणे पाहत राहा, पाय घट्ट रोवा, आपले तेज झाकून ठेवा, पुढारीपण मिरवू नका, योग्य वेळेची वाट पाहा. पुढची वीस वर्षे चीन या सल्ल्याने चालला.

आपल्याशी झालेले बहुतेक करार या वीस वर्षांतले आहेत. १९९३ चा सीमेवर शांतता राखण्याचा करार नरसिंह रावांच्या कारकिर्दीत झाला. मराठी उत्तम जाणणारे, रामटेकमधून लोकसभेवर गेलेले, हरि नारायण आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे हे पंतप्रधान. १९९६ चा करार झाला, २००३ मध्ये वाजपेयींच्या भेटीत विशेष प्रतिनिधी नेमण्याचे ठरले, २००६ मध्ये नथु ला खिंडीतून व्यापार पुन्हा सुरू झाला. चीनचे विचारवंत तेव्हा 'शांततापूर्ण उदय' म्हणत. पुढे 'उदय' हा शब्दही शेजाऱ्यांना टोचेल म्हणून 'शांततापूर्ण विकास' म्हणू लागले. शब्दाला इतके जपणारे हे राष्ट्र आहे.

या मालिकेत ११ एप्रिल २००५ चा करार आम्हां सीमावासीयांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ दिल्लीला आले असता सीमाप्रश्न कोणत्या तत्त्वांवर सोडवावा याची यादी करण्यात आली. त्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे की सीमाभागात स्थायिक असलेल्या लोकांच्या हिताचे रक्षण दोन्ही बाजू करतील. आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ लावला गेला : तवांग आणि अरुणाचलातली वसलेली गावे आता वादाबाहेर गेली.

पण तो अर्थ फार दिवस टिकला नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये, अध्यक्ष हू जिंताओ भारतात यायच्या तोंडावर, चीनच्या राजदूतांनी अख्खा अरुणाचल आमचा असल्याचे जाहीर सांगितले. २००७ मध्ये चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी प्रणव मुखर्जी यांना ऐकवले की एखाद्या भागात लोकवस्ती आहे म्हणून चीनच्या दाव्यात काही फरक पडत नाही. कलम तेच, शाई तीच, सह्या त्याच. वाचणाऱ्याचे बळ वाढले आणि वाचनाची रीत बदलली. लक्षात घ्या, हे बेळगावच्या सरावाच्या आधीचे आहे. येथे हातात हात घेतला जात होता तेव्हा तिकडे बोटे आखडू लागली होती. ते पाहायची आपली तयारी नव्हती.

२००८ हेच वळणाचे वर्ष ठरले. ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिम्पिक थाटात पार पडले आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मोठ्या वित्तसंस्था कोसळल्या. ज्यांच्याकडून शिकायचे तेच गुरू दिवाळखोरीत निघालेले पाहून चीनच्या नेत्यांना वाटू लागले की आपली वेळ आली. २००९ मध्ये डेंग यांच्या सूत्रात भर पडली : तेज झाकून ठेवा, पण काही करूनही दाखवा. २०१० मध्ये जपानला मागे टाकून चीन जगातली दुसरी मोठी अर्थव्यवस्था झाला. २०१२ च्या अखेरीस शी जिनपिंग पक्षाचे प्रमुख झाले आणि २०१३ मध्ये शेजारी देशांविषयीच्या बैठकीत त्यांनी झटून यश मिळवण्याची भाषा केली. 'झाकून ठेवा' मागे पडले. त्याच वर्षी 'पट्टा आणि मार्ग' ही जगभर रस्ते, बंदरे आणि कर्जे पसरवणारी योजना आली.

आपल्या सीमेवर त्याचे पडसाद लगेच उमटले. २०१३ मध्ये देपसांगला चिनी तंबू पडले. सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग अहमदाबादेत झोपाळ्यावर बसले होते तेव्हा चुमारला दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. २०१७ मध्ये डोकलामला ७३ दिवस ताणाताणी चालली. मग गलवान. आश्चर्य असे की 'हातात हात' सराव मधूनमधून चालूच होता. २०१४ आणि २०१६ मध्ये तो पुण्यात औंधच्या छावणीत झाला, २०१९ च्या डिसेंबरात मेघालयात झाला. सहा महिन्यांनी गलवान घडले. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात, ते हेच.

नावांचेही पाहा. २०१७ पासून २०२५ पर्यंत चीनने पाच वेळा अरुणाचलातील गावे, डोंगर आणि नद्यांना आपली नावे देऊन याद्या प्रसिद्ध केल्या. नाव बदलल्याने काय होते, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ज्यांच्या गावाचे नाव बदलले त्या आम्हांला तरी हे विचारू नये. नाव हा हक्काचा पहिला खुंटा असतो. आणि लोकवस्तीचा दावा न मानणाऱ्या चीनने काय केले? तिबेटच्या सीमेवर सहाशेच्या वर गावे नव्याने वसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला, २०२१ मध्ये भूसीमा कायदा केला, १ जानेवारी २०२२ पासून तो लागू केला. दुसऱ्याची पिढीजात वस्ती पुरावा नाही, आपली कालची वस्ती मात्र पुरावा!

येथे एक खुलासा करणे आम्ही कर्तव्य समजतो. आमचा सीमाप्रश्न आणि हा सीमाप्रश्न एका तागडीत घालण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही एका घरातली भावंडे आहेत. आमचे भांडण राज्यघटनेच्या चौकटीत आहे, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, आणि दोन्ही भाषांची पोरे एकाच तिरंग्याखाली पहारा करतात. परंतु एक अनुभव आमच्यापाशी आहे जो पुण्या-मुंबईच्या वाचकापाशी नाही. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्के असेल तेथे त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळावीत, असे कागदावर आहे. खिडकीपाशी उभे राहिल्यावर काय मिळते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. लिहून दिलेले आणि हाती पडलेले यांत किती अंतर असते, ते आम्ही मोजत आलो आहोत. म्हणून चीनच्या कराराचे सातवे कलम वाचताना आम्हांला दिल्लीपेक्षा लवकर शंका यायला हवी होती.

सारा दोष चीनच्या माथी मारून मोकळे होणेही बरोबर नाही. चीन रस्ते बांधत होता तेव्हा आपण सीमेलगत रस्तेच नकोत, नाहीतर शत्रू त्यावरूनच आत येईल, असे कित्येक वर्षे मानत होतो. आपली बाजारपेठही आपणच उघडी टाकली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनशी व्यापारात आपली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. दिवाळीत चिनी माळा न घेण्याची शपथ घेऊन ही तूट भरत नाही. २०२५ च्या एप्रिलात चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली आणि देशातील वाहन कारखान्यांना घोर लागला. आपल्या उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने वाहनांच्या सुट्या भागांवर जगतात. बीजिंगमधल्या एका परिपत्रकाची झळ त्यांच्या भट्टीपर्यंत पोचू शकते. परराष्ट्र धोरण म्हणतात ते याला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि देमचोकविषयी समझोता झाला. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली, ऑगस्टअखेरीस पंतप्रधान मोदी तिआनजिनला गेले, थेट विमाने सुरू झाली. आम्ही याचे स्वागत करतो. ज्यांची मुले सीमेवर आहेत त्यांना युद्धाची हौस नसते. पण चीनचा सूर नरमतो तेव्हा त्याचे बळ कोठे अडले आहे हे आधी पाहावे. अमेरिकेशी त्याचे व्यापारयुद्ध पेटले असताना आलेला हा गोडवा आहे, हे विसरू नये. दूध पिताना तोंड पोळले असेल तर ताकही फुंकून प्यावे, यात भित्रेपणा नाही.

मग आपण करावे काय? पहिले, चीनचा अभ्यास. मराठी माणसाला हा प्रांत परका नाही. नेहरूंचे चिनी दुभाषी म्हणून काम केलेले वसंत परांजपे मराठीच होते. डोकलामच्या वेळी बीजिंगला आपले राजदूत असलेले आणि पुढे परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले चिनी भाषा जाणतात. चीन वाटाघाटी कशा करतो यावर त्यांनी २०२१ मध्ये पुस्तक लिहिले. ते आपल्या वाचनालयांत असावे आणि वाचले जावे. अभियंता आणि डॉक्टर यांच्या पलीकडे न पाहणाऱ्या आपल्या घरांनी एखाद्या हुशार मुलीला, मुलाला चिनी भाषा शिकायला पाठवावे. लष्करात, व्यापारात आणि सरकारात अशा माणसांची वाण आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या मंडळांनी दरवर्षी एक शिष्यवृत्ती यासाठी राखून ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

दुसरे, आपल्या खासदारांना आणि आमदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, नेमके प्रश्न विचारावेत. २०२० पूर्वी आपले जवान जेथपर्यंत गस्त घालीत होते तेथपर्यंत आज जातात का? लष्करात गेलेल्या आमच्या मुलांना त्या उंचीवर लागणारे कपडे, निवारा आणि रस्ते किती पुरे झाले? घोषणा देणे सोपे आहे, उत्तर मागणे अवघड आहे.

तिसरे, आठवण ठेवावी. बेळगावला चिनी जवान आले होते ही आठवण कटुतेने नव्हे, धडा म्हणून ठेवावी. उद्या 'हातात हात' सराव पुन्हा सुरू झाला आणि कोणी सांगावे, पुन्हा आपल्याच गावी आला, तर पाहुण्याचा मान राखावा, चहापाणी करावे. मात्र त्याच दिवशी त्याच्या देशाचा नकाशा उघडून पाहावा. १९५४ ला भाषा वेगळी होती, १९९३ ला वेगळी, २००५ ला वेगळी, आज वेगळी आहे. नकाशावरची रेघ तेवढी मागे सरलेली नाही. ती जोवर सरत नाही, तोवर आमच्या घरांतल्या पोरांना त्या थंडीत उभे राहावे लागणार आहे, आणि घरच्यांनी डोळे उघडे ठेवून त्यांच्या पाठीशी उभे राहायचे आहे.